फणस, फॉन नॉयमान आणि आम्ही

आमच्या घराण्याला इतिहास आहे, असं अण्णा नेहमी म्हणत. आहेही. फक्त तो बखरीत नाही, दिवाणी कोर्टाच्या दप्तरात आहे.

उत्तर रत्नागिरीत आमचं गाव. तिथे आमचं आगर आणि काकांचं आगर यांच्या मधे जांभ्या दगडांचा एक गडगा आहे, आणि त्या गडग्याच्या ऐन पोटातून एक फणस वर आलेला होता. तो कुणी लावलेला नव्हता. आजोबांच्या काळात कुणीतरी गरा खाऊन आठळी भिरकावली असणार आणि ती नेमकी दोन दगडांच्या फटीत पडली असणार. भिरकावणाऱ्याचा हात दोन वीत इकडे किंवा तिकडे गेला असता, तर आमच्या दोन पिढ्या सुखानं जगल्या असत्या. त्यातून झाड कापा फणसाचं निघालं, हे आणखी एक दुर्दैव. बरका असता तर दोघा भावांनी तो एकमेकांना आग्रहानं देऊन टाकला असता.

१९६६ साली अण्णा आणि काका वेगळे झाले. भांडी वाटली, गुरं वाटली, देवसुद्धा वाटले. फणस तेवढा राहिला. मोजणीवाला आला, त्यानं साखळी धरली आणि साखळी बुंध्याला अडली. 'हद्द बुंध्यातून जाते' असा शेरा मारून, दोन्ही घरचा चहा पिऊन तो निघून गेला. आता बुंध्यातून म्हणजे बुंध्याच्या कुठून, हा प्रश्न माणसानं देवावर सोडावा. अण्णांनी तो वकिलावर सोडला. काकांनी दुसऱ्या वकिलावर सोडला. कोर्टानं निकाल लागेपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवायला सांगितली, म्हणजे फणस कुणीच उतरवायचा नाही. हा हुकूम दोन्ही घरांनी तंतोतंत पाळला. वानरांना मात्र समन्स लागू झालेलं नव्हतं.

१९७९ साली अण्णा गेले. मला वारसाहक्कानं एक भिंतीवरचं घड्याळ, एक पितळी डबा आणि 'वादी' हे पद मिळालं. काका त्याआधीच गेले होते, त्यामुळे समोरच्या बाजूला दत्तू उभा राहिला. दत्तू माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा. लहानपणी दुसऱ्यांच्या आगरातले आंबे आम्ही दोघांनी एकदिलानं चोरलेले. तेव्हा हद्दीचा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासावर लिहितो म्हणून बसला आणि हा कोर्टाची नक्कल कसली वाचून दाखवतो आहे? तर सांगतो. आम्ही जे वीस वर्षं केलं, त्याचं एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला गेम थिअरी म्हणतात. मराठीत खेळाचा सिद्धांत म्हणायचं. नाव खेळाचं असलं तरी विषय भांडणाचा आहे. दोन माणसं, दोन दुकानं किंवा दोन राष्ट्रं एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि माझी चाल त्याच्या चालीवर व त्याची माझ्या चालीवर अवलंबून असली, तर शहाण्यानं काय करावं, याचं हे गणित. ते मला फार उशिरा कळलं. दाव्याच्या आधी कळलं असतं तर निदान वकिलांची फी वाचली असती.

या शास्त्राचा उगम पत्त्यांच्या डावात आहे. १९२१ साली एमिल बोरेल नावाच्या फ्रेंच गणित्यानं, पत्ते खेळताना हुलकावणी कशी द्यावी, याचा गणितानं विचार करायला घेतला. हेच बोरेल पुढे १९२५ साली फ्रान्सचे नौदलमंत्री झाले. आपल्याकडे हा क्रम सहसा उलटा असतो; आधी मंत्रिपद, आणि ते गेल्यावर पत्ते.

पण बोरेल यांना जे सिद्ध करता आलं नाही, ते जॉन फॉन नॉयमान यांनी केलं. जन्म १९०३, बुडापेस्टचा. १९२६ च्या डिसेंबरात त्यांनी गॉटिंगेनच्या विद्वानांपुढे एक प्रबंध वाचला आणि १९२८ साली तो छापून आला. वय अवघं चोवीस. या वयात मी टायपिंगची परीक्षा दुसऱ्यांदा देत होतो. प्रबंधाचा मथितार्थ असा: दोघांचा खेळ असेल आणि एकाचा फायदा तो दुसऱ्याचा नेमका तोटा असेल, तर समोरच्यानं काहीही केलं तरी आपलं कमीत कमी नुकसान व्हावं, अशी चाल दोघांनाही शोधता येते, आणि दोघांनी ती शोधली, तर दोघांची उत्तरं एकाच आकड्यावर येऊन मिळतात.

हे वाचताना मला एकदम काकूची आठवण झाली. लहानपणी फणसाचा मोठा तुकडा आला की काकू तो दत्तूपुढे ठेवी आणि म्हणे, "दत्तू, तू दोन वाटे कर. आणि भाऊ, तू आधी उचल." दत्तूचा जीव टांगणीला लागे. वाटा जरा जरी लहानमोठा झाला तरी मोठा मी उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक. तो जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून असे काही सारखे वाटे करी की सोनारानं तोंडात बोट घालावं. दुसऱ्या दिवशी पाळी उलटी. फॉन नॉयमान यांच्या प्रबंधात तरी वेगळं काय आहे? कापणाऱ्यानं सर्वांत वाईट काय घडेल ते धरून कापायचं आणि उचलणाऱ्यानं असेल त्यातलं बरं उचलायचं. काकूला मराठी चौथीपुढे शिक्षण नव्हतं. गॉटिंगेन तर सोडाच, तिनं पुणंही पाहिलेलं नव्हतं.

फॉन नॉयमान यांना पोकरचा भारी नाद. पण खेळात ते बेताचेच होते म्हणतात. त्यात नवल वाटायला नको. पाकशास्त्राचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईच्या घरी जेवून आलेल्या माणसाला विचारा. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी या विषयावर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. १९४६ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्याची बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या पुस्तकाला पहिलं पान मिळतं, तेव्हा गणितापेक्षा काळाबद्दलच जास्त कळतं. महायुद्ध संपलं होतं, अणुबाँब पडून गेला होता आणि पुढच्या भांडणाची तयारी चालू होती.

या सगळ्यात एकच अडचण होती. फॉन नॉयमान यांचं ते सुंदर प्रमेय, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, अशाच खेळापुरतं खरं होतं. बुद्धिबळात ते बरोबर आहे. फणसाच्या खटल्यात नाही. तिथे दोघांचाही तोटा होऊ शकतो आणि फायदा झालाच तर तो काळ्या कोटातल्या तिसऱ्याचा होतो.

ही गोम १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात उघडी पडली. सांता मोनिकाला समुद्रकाठी रँड नावाची एक संस्था होती. अमेरिकन हवाई दलासाठी विचार करणं, हे तिथल्या विद्वानांचं काम. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी तिथे एक खेळ बेतला, आणि अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचा अंगरखा चढवला. तेव्हापासून तो 'कैद्यांचा पेच' म्हणून ओळखला जातो. दोन चोरांना पकडून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं आहे. दोघंही गप्प राहिले तर थोडक्या शिक्षेवर सुटतील. एकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं तर सांगणारा मोकळा आणि दुसरा पुरता अडकला. दोघांनी एकमेकांची नावं सांगितली तर दोघंही अडकले, फक्त थोडे कमी. आता प्रत्येक चोर विचार करतो: तो गप्प राहिला तर नाव सांगण्यात माझा फायदा. त्यानं माझं नाव सांगितलं तर मग नाव सांगण्यात माझा फायदाच फायदा. म्हणजे काही झालं तरी नाव सांगावं! दोघंही शहाणे, म्हणून दोघंही नाव सांगतात आणि दोघंही आत जातात. मूर्ख असते तर लवकर सुटले असते.

फ्लड आणि ड्रेशर यांनी हा खेळ आर्मेन अल्चियन आणि जॉन विल्यम्स या दोन विद्वानांना शंभर वेळा खेळायला लावला. गणिताच्या हिशेबानं त्यांनी शंभरही वेळा एकमेकांना फसवायला हवं होतं. प्रत्यक्षात साठ वेळा दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं. विद्वान झाले तरी शेवटी शेजारीच!

त्याच वर्षी प्रिन्स्टनमधल्या जॉन नॅश या एकवीस वर्षांच्या पोरानं सिद्ध केलं की अशा प्रत्येक खेळात निदान एक तरी समतोल असतोच. समतोल म्हणजे कुणाही एकट्यानं चाल बदलली तर त्याचा फायदा होत नाही, अशी जागा. या शोधाबद्दल नॅश यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. समतोल हा शब्द ऐकायला कसा शांत वाटतो, नाही? पण समतोल म्हणजे सुख नव्हे. आमचा खटला वीस वर्षं पक्क्या नॅश समतोलात होता. मी एकट्यानं माघार घ्यावी तर फणसही गेला आणि वर दत्तूचा खर्च माझ्या बोकांडी. दत्तूचंही तेच. न्यायाधीश महाराज अधूनमधून चष्म्यावरून पाहत म्हणत, "अहो, तुम्ही भाऊभाऊ, तडजोड का करत नाही?" आम्ही दोघंही माना डोलवून बाहेर येत असू आणि आपापल्या वकिलाला विचारत असू. दोघांचेही वकील एकच उत्तर देत. "समोरची बाजू ढिली पडते आहे. आता तर मुळीच सोडू नका."

मला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं. १९८६ च्या दिवाळीत आमचा भाचा बंड्या आमच्याकडे मुंबईला आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बंड्या अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करत होता. भाऊबीजेची जेवणं झाली, पानं जमली, आणि बंड्यानं खिशातून दहाची कोरी नोट काढली.

"मामा, या नोटेचा लिलाव करू या. बोली एक-एक रुपयानं वाढवायची. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला नोट. फक्त एक अट आहे. ज्याची बोली दोन नंबरची, त्यानंही आपल्या बोलीचे पैसे मला द्यायचे. त्याला नोट मिळणार नाही."

"म्हणजे एक रुपयात दहा रुपये?" असं म्हणून मी एक रुपया बोललो. मेव्हणे म्हणाले, "दोन." बायकामुलं हसत होती. पाच-सहापर्यंत सगळेच बोलत होते, मग एकेक जण गळत गेला आणि मी आणि मेव्हणे उरलो. मी नऊ म्हटलं. मेव्हणे दहा म्हणाले. आता बघा हं. मी थांबलो तर माझे नऊ रुपये फुकट जाणार. अकरा बोललो तर दहाची नोट मिळून तोटा एकाच रुपयाचा. मी अकरा म्हटलं. मेव्हण्यांनीही हाच हिशेब केला आणि बारा म्हणाले. पंधराच्या पुढे हसणं बंद झालं. सतराला मेव्हण्यांनी तोंडातलं पान टाकून दिलं. अठराला मी मांडी बदलली. एकोणीस म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमची ही म्हणाली, "द्या, द्या. अण्णांचंच रक्त आहे. नोट संपेल, पण बोली संपायची नाही."

मी थांबलो. मेव्हण्यांची बोली अठरा होती, माझी सतरा. दहाच्या नोटेचे बंड्याला पस्तीस रुपये आले. ते त्यानं परत केले, हा त्याचा चांगुलपणा. मग तो म्हणाला की हा खेळ मार्टिन शुबिक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ साली छापून प्रसिद्ध केला, आणि एका डॉलरच्या नोटेला तीन-तीन डॉलरची बोली लागायची. ॲलन टेगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पुढे यावर बरेच प्रयोग करून १९८० साली एक पुस्तक लिहिलं. बोली नोटेच्या किमतीवर गेली की माणसं नोट विसरतात, त्याला आढळलं. मग समोरच्याला जिंकू द्यायचं नाही, एवढाच खेळ उरतो. त्या वेळी अमेरिका व्हिएतनामच्या युद्धातून नुकती बाहेर पडली होती. इतकी माणसं गेली, आता थांबलो तर ती फुकट गेली असं होईल, म्हणून आणखी माणसं पाठवा, हा हिशेब त्या देशाला चांगला माहीत होता.

रात्री सगळे झोपल्यावर मी पितळी डबा उघडला. त्यात अण्णांची खर्चाची वही होती आणि तिच्यात १९७९ नंतरच्या नोंदी माझ्या हाताच्या होत्या. वकील फी. स्टँप. नकलेचा खर्च. एस.टी. भाडं. चहा, साक्षीदारांसह. वीस वर्षांची बेरीज मी दोनदा केली. अकरा हजार सहाशे चाळीस. त्या झाडाचं लाकूड गावात कुणी चारशे रुपयांवर घेतलं नसतं. दत्तूच्या घरीही अशीच एक वही असणार.

पण त्या वहीत एक नोंद नव्हती. १९८१ साली काकू गेली. तार आली. दहा दिवसांचं सुतक मी मुंबईत चोख पाळलं, पण गावी गेलो नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती. तिला मात्र गेलो. दत्तू आला होता. डोक्याचं मुंडण, वर टोपी. बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. कोर्टापासून घर चार मैलांवर होतं. मी वकिलांना हळूच विचारलं, "जाऊन येऊ का?" ते म्हणाले, "आत्ता गेलात तर कच्चे पडलात असं दिसेल." पुढची तारीख मिळाली आणि मी दुपारच्या गाडीनं परत आलो. ज्या बाईनं आम्हांला वाटे करायला शिकवलं, तिच्या घरी मी एका फणसापायी गेलो नाही. हा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा, ते मला त्या रात्रीही कळलं नाही, आजही कळत नाही.

सकाळी बंड्याला म्हटलं, "यातून बाहेर कसं पडायचं, ते तुझ्या शास्त्रात आहे का?"

बंड्यानं पिशवीतून एक पुस्तक काढलं. रॉबर्ट ॲक्सेलरॉड नावाच्या मिशिगनच्या प्राध्यापकाचं, १९८४ सालचं. त्यातली गोष्ट मोठी गमतीची आहे. या गृहस्थानं कैद्यांच्या पेचाची चक्क कॉम्प्युटरवर स्पर्धा लावली. नामांकित विद्वानांकडून त्यानं खेळण्याच्या युक्त्या मागवल्या. चौदा आल्या. प्रत्येक युक्तीनं इतर प्रत्येकीशी दोनशे-दोनशे डाव खेळायचे. काही युक्त्या मोठ्या कावेबाज होत्या. दहा वेळा सरळ वागून अकराव्या वेळी हळूच चिमटा काढणाऱ्या. पहिला नंबर आला तो सर्वांत आखूड युक्तीचा. ती पाठवली होती टोरांटोच्या अनातोल रॅपोपोर्ट यांनी. हे मूळचे पियानोवादक, मग गणिती, आणि व्हिएतनाम युद्धाचे कट्टर विरोधक. त्यांची युक्ती एवढीच: पहिल्या डावात सांभाळून घ्यायचं. त्यानंतर समोरच्यानं मागच्या डावात जे केलं, तेच आपण करायचं. संपलं.

निकाल जाहीर करून ॲक्सेलरॉडनं दुसरी स्पर्धा लावली. या वेळी सहा देशांतून बासष्ट युक्त्या आल्या. पाठवणाऱ्यांत एक दहा वर्षांचा मुलगासुद्धा होता. सगळ्यांना ठाऊक होतं की कुणाला हरवायचं आहे. तरीही रॅपोपोर्ट पुन्हा पहिले.

"जशास तसे!" मी मांडीवर थाप मारली. "हे तर आम्ही वीस वर्षं करतोय."

"नाही मामा," बंड्या म्हणाला. "तुम्ही दुसरं वाक्य तेवढं पाठ केलंत. पहिलं वाचा. सुरुवात सांभाळून घेण्यानं आहे."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. ही पहिली आलेली युक्ती समोरच्यापेक्षा जास्त गुण कधीच, एकाही सामन्यात मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी. ती कुणालाच हरवत नाही आणि तरी सर्वांत पुढे असते. कारण जिच्या तिच्याशी तिचं बरं चालतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत समोरासमोर महिनोन् महिने बसलेल्या शिपायांनी ही युक्ती आपली आपण शोधून काढली होती. तुम्ही आमच्या जेवणाच्या वेळी तोफ डागू नका, आम्ही तुमच्या वेळी डागत नाही. वरच्या अधिकाऱ्यांना दाखवायला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी गोळे टाकायचे, म्हणजे कुणाला लागायला नको. शत्रूला एवढं जमलं होतं. आम्हां भावांना जमत नव्हतं.

१९८७ च्या चैत्रात मी दत्तूला एक आंतरदेशीय पत्र टाकलं. तीन वेळा लिहिलं, दोन वेळा फाडलं. शेवटी एवढंच उरलं: "यंदा फणस तू उतरव. माझी हरकत नाही. एक मला पाठवलास तर बरं वाटेल." वकिलांना सांगितलं नाही. खाटकाला विचारून कुणी उपवास धरत नाही.

मे महिन्यात गावचा एक माणूस दारात फणस ठेवून गेला. पोत्यातून वास सुटला होता. उघडला तर आतून पूर्ण नासलेला. गरे काळे पडलेले. आमची ही पदर नाकाला लावून म्हणाली, "बघा! मुद्दाम पाठवलाय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. जशास तसे म्हणजे आता मी काय पाठवायला हवं होतं, याचा मी दोन दिवस विचार केला. विचार चांगले चांगले सुचले, नाही असं नाही. मग खिडकीत बसून दुसरं पत्र लिहिलं: "फणस मिळाला. फार गोड निघाला. मुलांनी मिटक्या मारत खाल्ला." आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण दोन ओळींत एवढं कधीच नाही.

पुढच्या तारखेला कोर्टात दत्तू बाकाच्या टोकावरून उठला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो फणस नासला होता ना रे?"

मी गप्प.

"मला नंतर कळलं. आणणारा वाटेत महाडला सासुरवाडीला चार दिवस राहिला होता. म्हटलं, आता भाऊचं काय पत्र येतं कोण जाणे. तर तुझं ते 'गोड निघाला'!" तो हसला. हसताना अगदी काकूसारखा दिसला. "मी आईला म्हणायचो, भाऊ चांगला आहे गं, वकील वाईट आहे."

"काकू काय म्हणायची?"

"म्हणायची, तू वाटे कर, तो उचलेल."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुपारी आम्ही तडजोडीची पुरसीस दिली. झाड दोघांचं, एक वर्ष एकानं उतरवायचं, दुसऱ्यानं वाटा उचलायचा. पुढच्या वर्षी उलट. न्यायाधीश महाराजांना वीस वर्षांचा खटला मिटवायला पाच मिनिटं लागली. दोघांचेही वकील असे उभे होते, जणू त्यांच्याच घरी काही बरंवाईट झालं आहे. आम्ही कोर्टातून निघालो ते चालतच, चार मैल. काकूच्या फोटोला मी नमस्कार केला. सहा वर्षं उशिरा.

मला नंतर या विषयाचं वेडच लागलं. १९६२ च्या ऑक्टोबरातल्या क्यूबाच्या पेचप्रसंगाबद्दल वाचलं तेव्हा तर मला घरचीच गोष्ट वाचतो आहे असं वाटलं. केनेडी आणि क्रुश्चेव्ह तेरा दिवस एकमेकांकडे डोळे वटारून उभे होते आणि सगळं जग जीव मुठीत धरून बसलं होतं. शेवटी रशियानं क्यूबातली क्षेपणास्त्रं काढायचं कबूल केलं आणि अमेरिकेनं क्यूबावर स्वारी न करण्याचं वचन दिलं. ही झाली उघड पुरसीस. आतली गोष्ट अशी की अमेरिकेनं तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घ्यायचंही गुपचूप मान्य केलं होतं, आणि ते कित्येक वर्षं बाहेर फुटू दिलं नाही. समोरच्याला मागे सरायला जागा द्यावी लागते आणि ती दिल्याचं चारचौघांत बोलायचं नसतं. नासका फणस गोड लागल्याचं लिहिणं काय आणि ते गुपित काय, जात एकच.

१९९२ साली बंड्यानं मला एका लेखाची प्रत पाठवली. तोवर तो स्वतः प्राध्यापक झाला होता. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड या दोघांनी 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात दाखवून दिलं होतं की जिथे चुका होतात, तिथे कोरं जशास तसे कामाचं नाही. एकाच्या हातून चुकून आगळीक घडली की दुसरा तिला उत्तर देतो, त्या उत्तराला पहिला उत्तर देतो, आणि मूळ चूक कुणाची हे विसरून दोघं अनंतकाळ भांडत बसतात. त्यावर उपाय म्हणजे सांभाळून घेण्याला सांभाळून घेणं नेहमीच, पण आगळिकीला उत्तर नेहमी द्यायचं नाही. ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेतले आकडे धरले तर साधारण तीनातून एकदा सोडून द्यायचं. बंड्यानं समासात लिहिलं होतं, "मामा, तुम्ही नासक्या फणसाचं केलंत ते हेच." मी ती प्रत फ्रेम करून लावणार होतो, ही नको म्हणाली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्याकडच्या माडापोफळींबरोबर तो फणसही उन्मळला. लॉकडाउन होता, मला जाता येईना. दत्तूचा फोन आला. "पडला रे. गडग्यावरच आडवा पडलाय. निम्मा तुझ्याकडे, निम्मा माझ्याकडे. मी तोडून लाकडाचे दोन वाटे केलेत. तू आधी उचल."

"अरे, मला इथून दिसतंय का? मोठा वाटा तुझा."

"मोठा कुठला ते तुला काय माहीत? मी नीट बघून सारखे केलेत. डावा की उजवा, बोल."

उचलणाऱ्याला वाटे दिसतच नाहीत, अशा खेळाचं प्रमेय मी तरी कुठे वाचलेलं नाही. मी डावा म्हटलं. त्या लाकडाचे दत्तूनं गावच्या सुताराकडून चार पाट करून घेतले, दोन त्याला आणि दोन मला. माझ्यातल्या एका पाटाचा एक पाय आखूड आहे. जेवायला बसलं की तो डुगडुगतो, आणि ही अजूनही म्हणते, "बघा, मुद्दाम केलंय."

असेल. मी त्याच पाटावर बसतो. तीनातून एकदा सोडून द्यायचं असतं.